सुगंधाबाईंच्या अबोल टिपा

सुगंधाबाईंना कोणाचाही हेवा वाटत नसे. फक्त समोरच्या रुखमाबाईंच्या दारावरून जाताना त्यांच्या छातीत जरा जळजळ व्हायची आणि ती त्या उपासाच्या साबुदाण्यावर ढकलत. साबुदाणा बिचारा काय बोलणार? सोमवार, गुरुवार, एकादशी, संकष्टी असं सगळं मनापासून पाळणाऱ्या बाईच्या पोटात साबुदाणा असतोच. त्यामुळे कारण शोधायला कधी लांब जावं लागलं नाही.

तसं पाहिलं तर रुखमाबाईंच्या दारात जळण्यासारखं होतं तरी काय? तुळस जरा घेरदार होती. भजन मंडळाची पेटी नवी होती. आणि सून नागपूरची होती, पुनम नावाची, घरी बसून कुठल्याशा कंपनीच्या वेबसाइट करणारी. अहेरीत नेटवर्क म्हणजे पाहुण्यासारखं, आलं तर आलं. पण रुखमाबाईंच्या घरी ते मुक्कामाला राहायचं. टॉवर तोच, रस्ता तोच, मग रस्त्याच्या त्या बाजूला देव जास्त प्रसन्न का, हा प्रश्न सुगंधाबाईंनी देवघरात अनेकदा अगदी मृदू आवाजात विचारला होता.

दोघींचं भजन मंडळ पूर्वी एकच होतं. पुढे सत्यनारायणाच्या शिऱ्यात केळं केव्हा घालावं, रवा भाजताना की साखर विरघळल्यावर, यावर मतभेद झाले आणि एकाची दोन मंडळं झाली. भजन वाढलं. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

यंदा मार्गशीर्ष लागतालागताच एक बातमी रस्ता ओलांडून आली. रुखमाबाईंच्या मंडळाने नावनोंदणीचा ऑनलाइन फॉर्म काढला होता. मंडळातल्या साऱ्या बाया हाकेच्या अंतरावर राहतात. ओट्यावरून 'येता का वं' म्हटलं की टाळ घेऊन हजर. तरी फॉर्म. चंद्रपूरच्या भजन स्पर्धेला नावं पाठवायची होती म्हणे आणि ती शिस्तीत पाठवायची होती म्हणे. शिवाय तो फॉर्म पुनमने एका दुपारी मटर सोलता सोलता केला, असंही रुखमाबाई सांगत फिरल्या. सुगंधाबाईंना फॉर्मपेक्षा ते मटर जास्त लागले.

दुसऱ्याच दिवशी त्या पूजा आटोपून लच्छूच्या दुकानात गेल्या. लच्छू म्हणजे बाजारातला ऑनलाइनवाला. सातबारा, जातीचा दाखला, आधारचा पत्ता, लग्नपत्रिका, लॅमिनेशन, सगळं एकाच टेबलावर. चाळिशी उलटलेला माणूस, कानावर पेन, आणि काम कोणतंही असो, "होऊन जाते" हे एकच उत्तर.

"मले मंडळाचा फॉर्म पाहिजे," सुगंधाबाई म्हणाल्या.

"होऊन जाते. किती रकाने ठेवू?"

"रुखमाबाईंच्या फॉर्ममधी किती आहे?"

"मले काय माहीत बाई?"

"त्याच्यापेक्षा दोन जास्त ठेव."

प्रत्येक रकान्याखाली बारीक अक्षरात एक टीप टाकता येते, म्हणजे भरणारीला कळतं काय लिहायचं ते, असं लच्छूने सांगितलं. ही सोय सुगंधाबाईंना फार आवडली. हळू बोलणाऱ्या माणसाला बारीक अक्षराचं मोठं आकर्षण असतं. त्यांनी सबंध दुपार दुकानात बसून टिपा सांगितल्या, लच्छूने मान खाली घालून टाइप केल्या. मंडळातल्या बायांनी फॉर्म भरला. टिपा कोणी वाचल्या नाहीत. बारीक अक्षर वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा नेमका देवघरात पोथीवर असतो.

राहिली एकटी गोकुळा.

गोकुळा म्हणजे त्या मंडळाचा आवाज. बाकीच्या बाया त्या आवाजाला टाळांची झालर लावायच्या, एवढंच. तलावाकाठच्या ढिवर मोहल्ल्यातली ही पोर जन्मापासून आंधळी. भाऊ डोमा तलावात जाळं टाकायचा तेव्हा ही काठावर बसून गायची. सुगंधाबाईंनीच ते गाणं ऐकून तिला मंडळात आणलं होतं आणि या गोष्टीची त्या गोकुळाला अधूनमधून, अगदी प्रेमाने, आठवण करून देत. अधूनमधून म्हणजे दर गुरुवारी. गोकुळा आता पोर राहिली नव्हती, कानशिलावर पांढरे केस आले होते. तरी तिचे सारे कागद सुगंधाबाईच भरत. तिचा अंगठा धरायचा, शाईत टेकवायचा, कागदावर उमटवायचा, की झालं.

यंदा मात्र गोकुळा चंद्रपूरला एका शिबिरात जाऊन बोलता फोन शिकून आली होती. पडद्यावर बोट फिरवलं की बोटाखाली जे येईल ते फोन वाचून दाखवायचा. सुगंधाबाईंच्या ओसरीत बसून तिने तो मांडीवर घेतला.

"आण इकडे, मी भरून टाकतो तुझा," सुगंधाबाई म्हणाल्या.

"नाई बाई. माझं मी भरीन."

"इतकी वर्षं मीच त भरला."

"म्हणूनच त."

बोट सरकलं. फोन म्हणाला, "जन्मतारीख. लिहिण्याची जागा." गोकुळाने जन्मतारीख लिहिली. फोन म्हणाला, "चूक." काय चूक, ते म्हणाला नाही. तिने पुन्हा लिहिली. "चूक."

"अवं, खाली लिहिलं आहे न," सुगंधाबाई म्हणाल्या. "आधी तारीख, मंग महिना, मंग वर्ष, मधी आडवी रेघ."

"तुम्हाले दिसते. फोन कुठी सांगून राह्यला?" गोकुळाने फोन खाली ठेवला. "काल रुखमाबाईचा फॉर्म भरून पाह्यला मी. उगाच. तो सारं सांगते. रकान्याचं नाव घेते, जरा दम खाते, मंग काय लिहाचं थे सांगते. तुमचा रकाना नुसतं नाव सांगते न गप्प बसते."

गोकुळाने रुखमाबाईचा फॉर्म भरून पाहिला होता. उगाच. नवरा परगावी गेल्यावर बाईने जसं दाराकडे पाहावं तसं सुगंधाबाईंनी रस्त्यापलीकडे पाहिलं.

"भरून पाह्यला का जमाच केला?"

"नाई केला अजून."

हा 'अजून' सुगंधाबाईंना मटरापेक्षाही जास्त लागला. गोकुळा शांतपणे पुढे म्हणाली, "मंगळवारी नावं जातात न चंद्रपूरले? ज्याचा फॉर्म माझा मले भरता येईन, तिथी भरीन. आता माझा अंगठा कोणी धराले नको."

ती गेल्यावर सुगंधाबाईंनी जप करायला माळ घेतली, पण ओठांवर भलतीच नावं येऊ लागली. माळ ठेवून दिली. जपात मन नसेल तर तो न केलेला बरा. त्यापेक्षा लच्छूकडे गेलेलं बरं.

पहिला उपाय त्यांनीच काढला. टिपा मोठ्या आणि लाल करायच्या. लच्छू म्हणाला, होऊन जाते. झाल्या. वटसावित्रीच्या सुतापेक्षा ठळक झाल्या. गोकुळाने बोट फिरवलं आणि सांगितलं, "तसंच आहे बाई."

"तिले दिसतच नाई त लाल काय न हिरवं काय," सुगंधाबाईंचे यजमान गुणवंतराव पेपराआडून म्हणाले. ते वनखात्यातून निवृत्त झाले होते. सागाच्या ओंडक्यांवर क्रमांक टाकण्यात त्यांची नोकरी गेली. त्यामुळे बोलतानाही ते एकेक गोष्ट ठोकून ठोकून बोलत. सुगंधाबाईंना हे कळत नव्हतं असं नाही. पण पोटात आग असली की माणूस आधी पंखा लावतो, विस्तव नंतर पाहतो.

दुसरा उपाय शेजारच्या रीताचा. रीताचा नवरा बँकेत असल्यामुळे फॉर्म या विषयात तिचा अधिकार मोठा. "टीप खाली कशाले? डब्याच्या आतच फिक्या अक्षरात टाका. आमच्या बँकेत तसंच असते." लच्छूने तसं केलं. आता प्रत्येक रिकाम्या डब्यात फिकट नमुना दिसू लागला. नावाच्या डब्यात नमुन्याचं नाव, तारखेच्या डब्यात नमुन्याची तारीख. त्याच दिवशी मंडळात दोन नव्या बाया आल्या. त्यांनी फॉर्म उघडला, पाहिला, आणि डबे भरलेलेच आहेत म्हणून खालचं बटण दाबून मोकळ्या झाल्या. कोरे फॉर्म आले तेव्हा त्या म्हणाल्या, "भरलेलंच होतं न बाई. आमाले वाटलं तुम्हीच भरून ठेवलं. तुम्ही साऱ्यांचं करता."

आणि गोकुळा म्हणाली, "आता पह्यले वाचते. पण मी एक अक्षर लिहिलं का नमुना गायब. मधीच इसरली त कोणाले विचारू?"

तिसऱ्या उपायाबद्दल सुगंधाबाई नंतर कधी बोलल्या नाहीत. टिपा फोन वाचत नसेल तर आपणच त्या वाचून पानाला लावाव्यात, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि गोकुळाच्या कानात रुखमाबाईंचा फॉर्म नाही, आपला आवाज असेल, या कल्पनेने त्यांना क्षणभर समाधीच लागली. लच्छूने मोबाइलवर आवाज भरून घेतला. शुभकार्य म्हणून त्यांनी आरंभी गणपतीचं स्तवन म्हटलं, मग देवीचं, मग सद्गुरूंचं, आणि जन्मतारखेकडे वळायच्या आतच मोबाइलमधली जागा संपली. पान उघडलं की हे सारं आपोआप सुरू व्हायचं. तिकडे गोकुळाचा फोनही बोलत असायचा.

"दोन बाया नळावर भांडून राह्यल्या असं वाटते," गोकुळाने सांगितलं. "त्यातली एक देवाचं नाव घेऊन भांडते."

त्याच दुपारी गुणवंतराव खात्यातल्या एका जुन्या सोबत्याच्या घरी भेटायला गेले होते. सोबत्याची आई वारली होती. घर अगदी सुन्न. गुणवंतरावांनी वेळ पाहायला फोन काढला, बोट भलतीकडे लागलं, फॉर्मचं पान उघडलं, आणि त्या सुतकी घरात मंगलमूर्तीचं स्तवन सुरू झालं. बंद कसं करायचं ते त्यांना सापडेना. ते घरी आले आणि काही न बोलता पेपर उलटा धरून बसले.

मग कोणीतरी सल्ला दिला की अशा कामाला सरकारची योजना असते. सुगंधाबाई एका कार्यालयात गेल्या. तिथले साहेब सज्जन होते, बसा म्हणाले.

"कोणाला दिसत नाही?"

"गोकुळाले."

"मग त्यांना घेऊन या. अर्ज त्यांचा लागेल."

"तिची काई तक्रार नाई जी. तिचं काम रुखमाबाईकडे चांगलं होऊन राह्यलं. अडचण माझी आहे."

"तुम्हाला दिसतं ना?"

"दिसते."

"मग तुम्ही योजनेत बसत नाही," साहेब हळहळून म्हणाले.

घरी येताना रुखमाबाईंच्या ओसरीतून पेटी ऐकू आली आणि पेटीवर गोकुळाचा आवाज. सूर लावून पाहत होती, पूर्ण गात नव्हती. पण सुगंधाबाईंना तो सूर ओळखू आला. दर गुरुवारी आरतीआधी त्यांच्याच देवघरात लागणारा सूर. तो रस्त्याच्या त्या बाजूला लागला होता आणि नवीन पेटीवर, खरं बोलायचं तर, जास्त गोड लागला होता. त्या दिवशी त्यांनी साबुदाणा खाल्ला नव्हता. तरीही जळजळ झाली. आता ढकलणार कशावर?

शेवटी रविवार आला आणि एकच दार उरलं. पुनमकडे जाणं. म्हणजे रुखमाबाईंच्या घरात जाऊन, रुखमाबाईंच्या खुर्चीवर बसून, रुखमाबाईंच्या सुनेला विनवणं. सुगंधाबाईंनी देवाला कौल लावला, आणि कौल लावतालावता त्यांना एक फार सात्त्विक युक्ती सुचली. दुसऱ्या दिवशी सोमवार. दर सोमवारी त्यांचं मौन असायचं, पहाटेच्या स्नानापासून दिवेलागणीपर्यंत. हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. मौनात गेलं म्हणजे जाणंही होतं आणि विनवणंही टळतं. बोलायला गुणवंतराव होतेच.

"तुम्ही एवढंच म्हणा," त्यांनी रविवारीच पढवून ठेवलं. "'फॉर्मच्या टिपा फोनले सापडून नाई राह्यल्या, पुनमले जरा पाहाले सांगा.' बस. याच्या मागं नाई, याच्या पुढं नाई."

"याच्या मागं नाई, याच्या पुढं नाई," गुणवंतरावांनी क्रमांक टाकल्यासारखं म्हटलं.

सोमवारी दुपारी दोघं रस्ता ओलांडून गेले. रुखमाबाईंनी दारातच काय ते ओळखलं. चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की जणू कुलदैवत पावलं. "या न. बसा," म्हणत त्यांनी दोन खुर्च्या खरखर ओढून पुढे केल्या. आणि बसता बसता सुगंधाबाईंना दिसलं की ओसरीच्या कोपऱ्यात चटईवर पेटीशेजारी गोकुळा बसली आहे.

गुणवंतरावांनी घसा साफ केला. "फॉर्मच्या टिपा फोनले सापडून नाई राह्यल्या," ते म्हणाले. आणि थांबायला हवं होतं तिथे थांबले नाहीत. साऱ्या नोकरीत त्यांनी पार्श्वभूमी दिल्याशिवाय एकही कागद पुढे सरकवला नव्हता. "आता त्याची पार्श्वभूमी अशी. तुमचा फॉर्म बोलते, आमचा नाई बोलत. तवापासून घरात अन्न गोड नाई. लाल करून पाह्यलं, फिकं करून पाह्यलं, स्तोत्र लावून पाह्यलं. काल त भाजीत मीठ दोनदा पडलं न वरणात पडलंच नाई. मी म्हटलं, एवढी जळतच असशीन त जाऊन विचारून घे."

सुगंधाबाईंनी पदराआडून त्यांना चिमटा काढला. त्यांनी तो डास समजून झटकला.

कोपऱ्यातून गोकुळाने विचारलं, "सुगंधाबाई नाई आल्या काय, भाऊ?"

रुखमाबाईंनी सुगंधाबाईंकडे पाहिलं. सुगंधाबाईंनी फरशीकडे पाहिलं. गुणवंतराव आयुष्यात खोटं बोलले नव्हते आणि चिमट्याचा अर्थ त्यांना आता कळला होता. दोन्ही सांभाळून ते म्हणाले, "तिचं आज मौन आहे."

यात खोटं काहीच नव्हतं. तरी सुगंधाबाईंना देवाच्या मूर्तीमागे लपल्यासारखं वाटलं.

"हो न, सोमवार," गोकुळा म्हणाली. मग पेटीच्या भात्यावर हात ठेवून सावकाश बोलू लागली. "बाईनं मले मंडळात आणलं, खरं आहे. आणलं नसतं त मी तळ्यावरच राह्यली असती. पण थे दर गुरुवारी आठवण देते. इतक्यांदा देते का मले माझ्या गाण्याची आठवण राहत नाई, बाईच्या उपकाराचीच राहते. कधी कधी वाटते मंडळाले माझा आवाज पाहिजे, न बाईले माझा अंगठा पाहिजे."

सुगंधाबाई बसल्या जागी लहान होत गेल्या. बोलावंसं वाटत होतं, पण मौन होतं. आणि मौन नसतं तरी काय बोलल्या असत्या, हा प्रश्न होताच.

"आमच्याकडे तसं काई नाई हो," रुखमाबाई मधाळ आवाजात म्हणाल्या आणि आत हाक दिली, "पुनम, ये वं. काम आलं समोरून."

पुनम लॅपटॉप घेऊन बाहेर आली. तिने सुगंधाबाईंना नमस्कार केला, पडद्यावर फॉर्म उघडून आतला कोड पाहिला आणि हसली नाही, हे तिचं मोठेपण. "काका, टीप रकान्याच्या खाली दिसते म्हणून आपल्याला ती त्याची वाटते," ती म्हणाली. "पण रकान्याला माहीतच नाही की ही आपली आहे. दोघं शेजारी उभे आहेत, ओळख नाही. टिपेला एक नाव द्यायचं आणि रकान्याला सांगायचं, तुझं नाव घेतलं की हिचंही घे. मग फोन दोन्ही वाचेल."

"एवढंच?" गुणवंतराव म्हणाले.

"एवढंच. पासवर्ड द्या फक्त."

पासवर्ड लच्छूकडे होता. गुणवंतरावांनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून तो स्पीकरवर ठेवला.

"लच्छू, फॉर्मचा पासवर्ड सांग गा."

"बाईले माहीत आहे न, बाईनंच ठेवला," बाजाराच्या गलबल्यातून लच्छू ओरडला. "'रुखमा पेक्षा भारी'. सारं जोडून लिहा भाऊ, मधी जागा नाई सोडाची."

गुणवंतरावांनी फोन हळूच खिशात ठेवला. पुनमने खाली मान घालून तो शब्द टाइप केला. रुखमाबाई तुळशीकडे पाहत राहिल्या. सुगंधाबाईंना वाटलं, धरणीमातेने पोटात घ्यावं, पण रुखमाबाईंच्या ओसरीत फरशी होती, तीही नवीन.

काम खरंच लवकर झालं. लाल रंग गेला, फिकट नमुने गेले, स्तोत्र थांबलं, आणि सुगंधाबाईंच्या मूळ टिपा पुन्हा बारीक अक्षरात रकान्यांखाली येऊन बसल्या. "गोकुळाताई, भरून पाहता?" पुनमने विचारलं.

गोकुळाने फोन मांडीवर घेतला, आवाज मोठा केला आणि बोट फिरवलं. फोन आपल्या कोरड्या आवाजात म्हणाला, "पूर्ण नाव. लिहिण्याची जागा." जरा दम खाल्ला. मग म्हणाला, "सासरचे किंवा माहेरचे पूर्ण नाव लिहावे. रुखमाबाईंच्या फॉर्ममध्ये एवढी मोकळीक नाही."

रुखमाबाईंचा चेहरा बदलला. सुगंधाबाईंच्या डोळ्यांपुढे लच्छूच्या दुकानातली ती सबंध दुपार उभी राहिली. टिपा ऐकू याव्यात म्हणून गेले कित्येक दिवस त्या धावत होत्या. टिपांमध्ये आहे काय, याचा विचार करायला फुरसतच मिळाली नव्हती.

"जन्मतारीख," फोन म्हणाला. "आधी तारीख, मग महिना, मग वर्ष, मध्ये आडवी रेघ. वय चोरू नये. देवाला माहीत असते आणि समोरच्या गल्लीलाही."

गोकुळाने तारीख लिहिली. या वेळी फोन चूक म्हणाला नाही. तिच्या तोंडावर इतकं साधं हसू आलं की सुगंधाबाई क्षणभर लाज विसरल्या.

"यापूर्वी कोणत्या मंडळात गायल्या? समोरच्या मंडळात गायल्या असल्यास लिहिण्याची गरज नाही. ते गाणे धरले जात नाही."

"अस्सं," रुखमाबाई म्हणाल्या.

बोट शेवटच्या रकान्यावर आलं. "मंडळात येण्याचे कारण. लिहिण्याची जागा," फोन म्हणाला आणि दम खाऊन, बातम्या दिल्यासारखा, सांगू लागला, "हा रकाना सर्वांनी भरावा. गोकुळाने भरू नये. ती आपलीच आहे, आपल्या माणसाला कारण विचारत नाहीत. ती दुसऱ्या मंडळात गेली तर आपले मंडळ बंद करून टाळ प्राणहिता नदीत सोडावे."

गोकुळाने बोट मागे नेलं आणि पुन्हा त्याच रकान्यावर आणलं. फोनने तेच, तेवढ्याच कोरडेपणाने, पुन्हा सांगितलं. टाळ प्राणहिता नदीत सोडावे.

मग गोकुळाने मान वळवली. गुणवंतरावांकडे नव्हे, त्यांच्या शेजारच्या खुर्चीकडे. "हे कवा लिहिलं, बाई?"

बाहेर अजून चांगलं ऊन होतं. दिवेलागणीला वेळ होता. सुगंधाबाईंनी एकदा आकाशाकडे पाहिलं, मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली आणि म्हणाल्या, "पह्यल्याच दिवशी. मले वाटलं, बारीक अक्षर कोणी वाचत नाई."

"मौन," गुणवंतराव दचकून म्हणाले.

"सुटलं आता," रुखमाबाई म्हणाल्या.

"तुले कसं कळलं मी इथी आहे?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"रुखमाबाईनं दोन खुर्च्या ओढल्या. भाऊ एकटे किती खुर्च्यांवर बसतीन?"

"मंग थे अंगठ्याचं बोलली थे..."

"तुम्हालेच सांगून राह्यली होती. कवाचं सांगाचं होतं. पण तुम्ही बोलत असता तवा सांगता येत नाई."

सुगंधाबाई चटईवर गोकुळाजवळ येऊन बसल्या. सवयीने त्यांचा हात तिच्या अंगठ्याकडे निघाला. तो त्यांनी वाटेतच वळवला, पदरात गुंडाळला आणि दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला.

"हात लावाचा नाई बाई," बांगड्यांचा आवाज ऐकून गोकुळा फोनवरून मान न उचलता म्हणाली.

"नाई लावत. पण थे कारण नको लिहू. टिपेत म्हटलं आहे न, तुले नाई लागू."

"टीप ऐकली. ऐकली म्हणून पाळलीच पाहिजे काय?" गोकुळा म्हणाली आणि लिहू लागली. एकेक अक्षर फोन म्हणून दाखवत होता, त्यामुळे काय येतंय ते जुळवता येत नव्हतं. ओसरीतले सगळे, मानी रुखमाबाईसुद्धा, जरा पुढे झुकून ऐकत होते. लिहून झाल्यावर तिने सगळं एकदम वाचून घेतलं. फोन म्हणाला, "तिकडचा फॉर्म नीट आहे पण त्यात मी कुठी नाई. इथी माझ्यासाठी कोणी जळते. गुरुवारची आठवण बंद करा मंग येतो."

"बंद," सुगंधाबाई इतक्या हळू म्हणाल्या की फोनने त्यांच्यापेक्षा मोठा आवाज केला असता.

गोकुळाने अंगठ्याने खालचं बटण चाचपलं आणि दोनदा दाबलं. "फॉर्म जमा झाला," फोन म्हणाला.

रुखमाबाई उठल्या. खुर्च्या जागेवर सरकवल्या, मग कारण नसताना पुन्हा पुढे ओढल्या, पेटीवर कापड टाकलं, काढलं, आणि शेवटी सुनेकडे वळून खालच्या आवाजात म्हणाल्या, "पुनम, आपल्या फॉर्ममधी गोकुळासाठी एक बी टीप काऊन नाई वं?"

"तुम्ही सांगितलीच नव्हती, आई," पुनम म्हणाली.